विचारलं तेवढंच

मुक्ताच्या डाव्या गालावर चार बोटं उमटली होती. न्हाणीतल्या दिव्याखाली तिची हनुवटी धरून मी ती मोजली. नाकाच्या शेंड्याशी एका बाजूला नखाची एक लाल कोर होती आणि दुसऱ्या बाजूला तशीच आणखी एक.

“कुणी मारलं?”

“उर्मीनं.”

“कोण उर्मी?”

“चौथीतली. खिचडीच्या आक्कांची.”

“हातानं?”

तिनं मान हलवली आणि साबण जाईल म्हणून डोळे घट्ट मिटून घेतले. मी आणखी काही विचारलं नाही. गालाला खोबरेल लावलं.

रोज संध्याकाळी तिला धुताना मी तिला अशी तपासायची. गुडघे, कोपरं, दंड, पाठ. हे त्याला जकात नाका म्हणायचे. “झाली का तपासणी? सोडा आता माल आत,” असं बाहेरच्या खोलीतून ऐकू यायचं. त्या दिवशी मी तिला टॉवेलात गुंडाळून तशीच त्यांच्यासमोर नेऊन उभी केली.

“बघा.”

त्यांनी बघितलं. “पोरं आहेत. भांडली असतील.”

“चार बोटं आहेत, अहो. ती मुलगी हिच्यापेक्षा वीतभर उंच आहे.”

“मग बाईंच्या कानावर घाल. उद्या गुरुवार. तुझीच पाळी ना चवीची?”

या गोष्टीला सहा वर्षं झाली. वाडीचं नाव मी लिहीत नाही. हे तिथल्या सबस्टेशनवर ऑपरेटर होते आणि आम्ही क्वार्टरमध्ये राहायचो. बाकीच्या स्टाफची मुलं पिवळ्या बसनं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची. रस्ता कॅनॉलच्या कडेनं होता आणि बसचं मागचं दार दोरीनं बांधलेलं असायचं. ती दोरी मी एकदा पाहिली आणि मुक्ताला वाडीच्याच जिल्हा परिषदेच्या शाळेत घातलं. मी केमिस्ट्री घेऊन बी.एस्सी. झालेली. मापायचं, नोंदायचं जे काही शिकले होते, ते सगळं त्या एका पोरीवर खर्च करत होते.

शाळा दोन खोल्यांची. पट चाळीसचा. पहिली-दुसरी मुख्याध्यापक कोकाटे सरांकडे, तिसरी-चौथी एकाच खोलीत ढवळे बाईंकडे. ढवळे बाई तालुक्याहून स्कूटीवरून यायच्या, पावसाळ्यात चिखलातूनसुद्धा, आणि घंटेच्या आधी यायच्या. त्यांची मुलं स्कॉलरशिपला चमकायची. आजूबाजूच्या वाड्यांतले लोक आपली पोरं दोन-दोन किलोमीटर चालवत त्यांच्या वर्गात पाठवायचे. त्यांच्या टेबलावर छडी म्हणून निरगुडीचा एक फोक असायचा. पोरं त्याला ‘धाकटे सर’ म्हणायची आणि बाईही हसून तेच म्हणायच्या. पालकसभेत एकदा कुणीतरी म्हणालं होतं, बाई, हाडं तेवढी आमची ठेवा, बाकी पोरगं तुमचं. सगळे हसले होते. मीही हसले होते.

शाळेत खिचडी वाढायच्या आधी एका आईनं ती चाखून बघायची आणि रजिस्टरवर सही करायची, असा नियम होता. प्रत्येक आईचा वार ठरलेला. गुरुवार माझा.

मी गेले तेव्हा चंद्राक्का पत्र्याच्या शेडमध्ये पातेल्यावर वाकल्या होत्या. हातात लांब दांड्याची लोखंडी पळी.

“या या. तुमचा वार म्हणून आज वाटाणा सढळ टाकलाय,” त्या म्हणाल्या. “तुमच्यावानी चव कोण घेत न्हाई बघा. बाकीच्या लांबनंच सही ठोकत्यात आन् पळत्यात.”

त्यांनी ताटलीत खिचडी वाढून माझ्यासमोर धरली.

“मीठ कमी असंल तर सांगा. जास्त झालं असंल तर मातर गप बसा. घातलेलं मीठ कोण काढायचं?”

मी हसले नाही. त्यांनी माझ्याकडे निरखून पाहिलं.

“का ओ ताई? काय चुकलं का?”

“काही नाही. चांगली झालीय.”

मी रजिस्टरमध्ये लिहिलं, ‘चव चांगली.’ खाली सही केली. स्वयंपाकाला कोण ठेवायचं हे शाळा समिती दरसाल ठरवायची, आणि त्या समितीत मातांमधून मी होते. आक्का मी सही करेपर्यंत नेहमी उभ्या राहायच्या. त्या दिवशीही राहिल्या. त्यांच्यापाशी विषय काढावा असं एकदा वाटलं. मग वाटलं, आई आहे, पोरीची बाजू घेणार. मी तशीच व्हरांड्यात गेले.

ढवळे बाई उभ्याउभ्याच वह्या तपासत होत्या. खाली फरशीच्या अंगणात पोरं ताटल्या घेऊन रांगेत बसायला लागली होती.

“बाई, जरा बोलायचं होतं. काल उर्मीनं मुक्ताला मारलं. गालावर बोटं उठलीत. नाकावर नखं आहेत.”

त्यांचं लाल पेन थांबलं. “मुक्ता काय म्हणाली?”

“उर्मीनं मारलं, म्हणाली.”

“एवढंच?”

“एवढंच. आणखी काय म्हणायला हवं?”

“नाही, काही नाही.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “पोरं आहेत, ताई. मी समज देते तिला.”

“मग आता द्या. माझ्यासमोर.”

“जेवायची वेळ आहे. दुपारनंतर घेते तिला बाजूला.”

“सोमवारी समितीची सभा आहे,” मी म्हणाले. “मला तिथं बोलायला लावू नका.”

बाई आत जाऊन फोक घेऊन आल्या आणि त्यांनी हाक मारली, “उर्मिला.”

ती रांगेतून उठून आली. काटकुळी, हिरव्या रिबिनी, शाळेचा पांढरा शर्ट खांद्यावर काळ्या दोऱ्यानं शिवलेला. तिनं ताटली पायाशी ठेवली.

“काल मुक्ताला मारलंस?”

तिनं बाईंच्या तोंडाकडे बघितलं. तोंडी गणिताचं उत्तर सांगितल्यावर, बरोबर की चूक ते कळेपर्यंत मूल बाईंच्या तोंडाकडे बघत राहतं, तसं.

“व्हय बाई.”

“का मारलंस?”

ती बघतच राहिली.

“का मारलंस, विचारते.”

“चुकलं बाई.”

“हात पुढं कर.”

मी मोजत होते. सवयच होती. डाव्या हातावर चार, उजव्या हातावर चार. सातव्याला तिनं हात मागे घेतला तेव्हा फोक मनगटावर बसला, तो बाईंनी धरला नाही, पुन्हा मारला. मग त्यांनी तिला खांद्याला धरून वळवलं आणि पोटऱ्यांवर मारायला लागल्या. फोक हवेत असताना नुसती शीळ यायची आणि मग ओला आवाज यायचा. वळ पहिल्यांदा पांढरा उठायचा आणि बघता बघता लाल व्हायचा. तिनं स्कर्ट दोन्ही मुठींत धरून ठेवला होता. कुणाची तरी ताटली फरशीवर गरगरत राहिली आणि थांबली.

दर फटक्यानंतर बाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं असतं तर त्या थांबल्या असत्या. मी म्हटलं नाही. पोटऱ्यांवर सहा झाले तेव्हा त्यांचा अंबाडा सुटला होता आणि त्यांना धाप लागली होती.

“झालं समाधान, ताई?”

मी उर्मीजवळ गेले. तिच्या उंचीला वाकले. मला तेव्हा, खरंच, तिच्याशी चांगलंच बोलायचं होतं.

“परत लावशील मुक्ताला हात?”

तिनं खालचा ओठ दातात धरलेला होता, तो सोडला.

“बाई म्हनल्या तर लावीन.”

माझा हात उठला. एवढं होऊन ही कारटी तोंड वर करून मलाच उलट बोलते, हे माझ्या डोक्यात आलं आणि ते पुरतं यायच्या आत हात तिच्या डाव्या कानावर बसला होता. सगळा तळवा. कागदाची पिशवी फुगवून फोडतात तसा आवाज झाला. ती कोलमडून आपल्याच ताटलीवर पडली.

त्या आवाजानं चंद्राक्का शेडमधून धावत आल्या. हातात पळी तशीच.

“काय केलं हिनं? काय केलं बाई?”

ढवळे बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, “काल मुक्ताला मारलं तिनं.”

आक्का पोरीकडे वळल्या. ती उठायला लागली होती, हातागुडघ्यांवर होती. त्यांनी पळी तिच्या पाठीत घातली.

“ताईंच्या पोरीला मारतीस?” दुसऱ्यांदा घातली. “ज्यांची सही झाली तर आपली चूल पेटती, त्यांच्या पोरीला?”

पळीतली खिचडी उडाली. पांढऱ्या शर्टावर हळदीचे डाग पडले. तिसऱ्या वेळी पळीचा दांडा मणक्यावर आपटल्याचं ऐकू आलं. चौथ्यांदा बाईंनी पळी वरच्या वर धरली.

“बास आक्का. बास झालं.”

उर्मी बसली. तिच्या डाव्या कानातून दोऱ्यासारखं रक्त निघून मानेवर आलं. तिनं तिथं बोट लावलं, बोटाकडे बघितलं आणि ते स्कर्टला पुसलं. ती रडली नव्हती. एकदाही नाही.

रांगेत सहाव्या जागेवर मुक्ता बसली होती. तिच्या खालून पाण्याचा ओघळ फरशीवरून पायरीपर्यंत गेला होता.

मी तिला उचलून घरी आणलं. संध्याकाळी तिनं मला अंगाला हात लावू दिला नाही. न्हाणीच्या दारात उभी राहून म्हणाली, “आई, उर्मीच्या कानातनं रक्त का आलं?”

“तिनं तुला मारलं होतं ना.”

“ते बाईंनी सांगितलं म्हणून.”

“काय?”

“पाढा चुकला की ज्याला येतो तो उठतो. ज्यांना येत नाही त्यांचं नाक धरायचं आणि थोबाडीत मारायची. मला सात आठे नाही आलं. अजून पाच जणांना नाही आलं. उर्मीला आलं.” ती पाढा म्हणावा तशी एका सुरात सांगत होती. “तिनं मला हळू मारलं. मग बाईंनी तिचंच नाक धरलं आणि तिला मारून दाखवलं. असं मारतात म्हणाल्या. मग तिनं मला परत मारलं. सुटीत चिंच पण दिली तिनं मला.”

“मग काल हे का नाही सांगितलंस?”

“तू विचारलंस कुणी मारलं. मी सांगितलं.”

मी न्हाणीतला दिवा बंद केला आणि तिथंच उंबऱ्यावर बसले. मिरजेला चौथीत असताना आमच्या वर्गात उठणारी मुलगी मी असायची. अंगठा आणि तर्जनी यांच्यात नाक कसं पकडायचं हे मला माहीत होतं. मुलगी मान मागे घेते, म्हणून घट्ट पकडावं लागतं. दोन्ही बाजूंना नखं उमटतात. त्या दोन कोरी मी आदल्या संध्याकाळी याच दिव्याखाली बघितल्या होत्या.

उर्मी दुसऱ्या दिवशी शाळेत आली नाही. आक्का येऊन खिचडी करून जात होत्या. मुक्ता सांगायची, आक्का कुणाशी बोलत नाहीत. त्यांनी घरी लसूण घालून तेल कढवलं आणि कोमट करून पोरीच्या कानात सोडलं. रोज रात्री, चार दिवस. पाचव्या दिवशी तिला ताप चढला, कानामागं सूज आली, तेव्हा तिला तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, कशानं झालं. आक्का म्हणाल्या, पडली. डॉक्टरांनी तिच्या पोटऱ्या बघितल्या आणि शिक्षण खात्याला कागद पाठवला.

चौकशीच्या आदल्या दिवशी कोकाटे सर आमच्या क्वार्टरवर आले. मी चहा ठेवला. हे ड्युटीवर होते.

“उद्या विस्तार अधिकारी येणार आहेत,” सर म्हणाले. “आक्कांनी लिहून दिलंय, नळाच्या कट्ट्यावरून पाय घसरला. पोरगी पण तेच सांगते. त्या दिवशीच्या रजिस्टरला तुमची सही आहे, म्हणून तुमचा पण जबाब लागणार.”

“मी खोटं नाही सांगणार, सर.”

“चाळीसचा पट आहे, ताई. चार घरांनी दाखले काढले तर एक शिक्षक जातो. आठ घरांनी काढले तर शाळेला कुलूप. तुम्ही काय, बदली झाली की जाल.”

“त्या मुलीच्या कानातून रक्त आलं, सर. ती उगाच पडली, असं लिहायचं?”

सरांनी बशीत चहा ओतला. फुंकर मारून निववला.

“मी त्या वेळी ऑफिसात होतो. मी काही बघितलं नाही,” ते म्हणाले. “खरं सांगायचं तर सांगा. पण खरं किती सांगणार?”

मी रात्रभर ठरवत होते. ही पोर शाळा सोडून गेली तर उद्या तिच्या दाखल्यावर वर्तणुकीच्या रकान्यात काय लिहितील, तिला मारकुटी म्हणतील, उद्धट म्हणतील. तिनं हळू मारलं होतं, हे कुणीतरी सांगायला हवं होतं. मग माझ्या हाताचंही सांगायला हवं होतं. मी ते वाक्य मनात जुळवलंसुद्धा: साहेब, कानावर मी मारलं. सकाळी चांगली साडी नेसले.

ऑफिसात टेबलाच्या एका बाजूला विस्तार अधिकारी, चष्मा कपाळावर, पुढ्यात कोरे कागद. समोरच्या बाकावर ढवळे बाई. कोपऱ्यात आक्का आणि कानाला कापसाची पट्टी बांधलेली उर्मी. पोरांना त्या दिवशी सुटी देऊन टाकली होती.

“तुम्ही शिकलेल्या आहात, नीट सांगाल,” साहेब म्हणाले. “शिक्षिकेनं मुलीला मारलेलं तुम्ही पाहिलं?”

“हो.”

“कशानं?”

“फोकानं.”

“किती वेळा?”

“हातांवर आठ. पोटऱ्यांवर सहा.”

त्यांनी चष्मा खाली घेऊन माझ्याकडे कौतुकानं बघितलं. “मोजलेत?”

“हो.”

“मुलीच्या आईनंही मारलं?”

“हो. पळीनं. पाठीत तीनदा.”

“आणि मुलीच्या कानातून रक्त येताना तुम्ही स्वतः पाहिलं?”

“हो.”

ते लिहीत होते. मी वाट बघत होते. आता ते विचारतील, कानावर कशानं लागलं? बाईही वाट बघत होत्या, मला ते दिसत होतं. त्यांनी दोन्ही हात बाकाच्या कडेला धरले होते. साहेबांनी शेवटची ओळ लिहिली, खाली रेघ मारली आणि कागद माझ्याकडे फिरवला.

“सही करा.”

मी सही केली.

“बाई, तुम्हाला काही म्हणायचंय?”

ढवळे बाईंनी माझ्याकडे बघितलं. “नाही,” त्या म्हणाल्या.

साहेब उर्मीकडे वळले. “बाळ, कुणी मारलं तुला?”

“पडले.”

“घाबरू नकोस. या ताईंनी सगळं सांगितलंय.”

उर्मीनं पट्टी बांधलेलं डोकं माझ्याकडे वळवलं. त्याच नजरेनं बघितलं, बरोबर की चूक ते बघणाऱ्या.

“मग तसंच असंल,” ती म्हणाली.

ढवळे बाई निलंबित झाल्या. मुलीला मारलं म्हणून चंद्राक्कांचं नाव समितीनं स्वयंपाकातून काढलं. त्या सभेला मी गेले नाही, मुक्ताला ताप आहे असं कळवलं. तालुक्याच्या पेपरात दोन कॉलमांची बातमी आली: ‘सजग मातेमुळे प्रकार उघडकीस’. ह्यांनी ती कापून काचेच्या कपाटात लावली. बाजारात बायका मला जागा द्यायच्या.

एके दिवशी दुपारी दारात स्कूटी थांबली. ढवळे बाई होत्या. अंगावर नेहमीसारखी कडक इस्त्रीची साडी. मुक्ताची गणिताची वही त्यांच्याकडे राहिली होती, ती द्यायला आल्या होत्या.

“आत या ना.”

“नको. एवढंच होतं.” त्यांनी वही माझ्या हातात दिली. “फोकानं कान फुटत नाही, ताई. तुम्हाला माहितीय.”



“तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?” मी विचारलं.

“मी तुमच्या हाताचं काढलं असतं, तर तुम्ही मुक्ताच्या गालाचं काढलं असतं. मग पोरांकडून पोरांना मारून घेते, हे लिहिलं गेलं असतं. आज निलंबन आहे. मग नोकरीच गेली असती.” त्यांनी हेल्मेट डोक्यावर चढवलं. “तिनं हळू मारलं म्हणून मी तिला मारलं होतं. त्याचा कागद कुठंच झाला नाही. याचा झाला. चालायचं.”

स्कूटी सुरू करून त्या पुन्हा थांबल्या.

“उर्मीला स्कॉलरशिपला बसवा, कोकाटेंना सांगा. वर्गात तेवढी एकटीच आहे ती.”

मी कोकाटे सरांना सांगितलं नाही. त्यांच्यासमोर जायचं मी टाळत होते. पुढच्या वर्षी ह्यांची बदली झाली. बाईंना पुन्हा घेतलं आणि जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला नेमणूक दिली, असं कानावर आलं. उर्मीचा कान पिकत राहिला. तिचं पुढं काय झालं ते मी कुणाला विचारलं नाही.

आता आम्ही त्याच तालुक्याच्या गावाला राहतो. मुक्ता नववीत आहे. तिला मी आता तपासत नाही, ती तपासू देत नाही. आमचं घर हायस्कूलच्या फाटकासमोर आहे आणि मार्चमध्ये तिथं दहावीचं केंद्र असतं. उन्हाची पोरं पाणी मागायला येतात, म्हणून मी व्हरांड्यात माठ भरून ठेवते.

यंदा गणिताच्या पेपरला, सकाळी, एक मुलगी फाटकात उभी राहिली. उंच, दोन वेण्या, हातात पारदर्शक पाऊच.

“काकू, पाणी घेऊ का?”

“घे की, बाळ.”

ती पायरीवर आली. रस्त्यापलीकडे लिंबाखाली एक बाई पदर डोक्यावर घेऊन बसली होती, गुडघ्यावर डब्याची पिशवी. ती वाट बघण्याची ढब मी ओळखली. माझी सही होईपर्यंत त्या अशाच थांबायच्या. मग मी मुलीकडे बघितलं.

तिनं मला ओळखलं की नाही ते कळलं नाही. ती माठातून पाणी घेऊन, उभ्यानं, सावकाश पीत होती. तिची डावी बाजू माझ्याकडे होती. रिबीन काळी होती.

मी सहा वर्षं जुळवलेलं वाक्य मला पाठ होतं. ते मी म्हटलं. हळू म्हटलं, पण सगळं म्हटलं. “उर्मी, त्या दिवशी कानावर मी मारलं, हे मी साहेबांना सांगायला हवं होतं.”

ती पाणी पीत राहिली. ग्लास संपवला, खाली ठेवला. मग माझे ओठ हललेले तिला दिसले असावेत, कारण तिनं सगळं डोकं फिरवून उजवा कान माझ्याकडे केला.

“काय म्हनलात काकू? ह्या बाजूनं बोला. तिकडचा कान गेलाय माझा.”

मला ते वाक्य पुन्हा म्हणता येईना. तिनंच बोलावं, तिनं नाव घ्यावं, म्हणजे मला पुढं बोलता येईल, असं वाटलं.

“कशानं गं?” मी विचारलं.

तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं. नजर हलली नाही.

“ल्हानपनी पडले होते,” ती म्हणाली. “नळाच्या कट्ट्यावरनं.”

आणि ती तशीच बघत थांबली. समोर शाळेची पहिली घंटा झाली. लिंबाखालून आक्कांनी हात केला.

मी मान डोलावली. मग तिनं ग्लास विसळला, माठावर पालथा घातला आणि पेपरला गेली.